डिकीतला तांदूळ

दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर गप्प बसायचं, याचा मला पगार मिळतो. नातेवाइकांना हे अनेकदा सांगून झालं आहे, पण त्यांचा विश्वास बसत नाही. गिरगावातल्या माझ्या मावशीला तर अजून वाटतं की मी गाड्या विकते आणि घरच्यांना सवलत द्यायची टाळते.

मी एका मोटार कंपनीत आहे. कारखाना चाकणला, माझं ऑफिस लोअर परळला. कंपनी एक छोटी एसयूव्ही बनवते. म्हणजे दिसायला जीपच्या घराण्यातली, पण सांगाडा साध्या छोट्या मोटारीचा. उंच बसल्याचं सुख मिळतं आणि गल्लीत वळवतानाही घाम फुटत नाही. मुंबईत ही गाडी इतकी का खपते याची कारणं आमच्याकडे सुंदर तक्त्यांमध्ये मांडलेली आहेत. माझ्या मते कारण एकच आहे: साठीच्या माणसाला तिच्यात वाकून शिरावं लागत नाही आणि विव्हळत उतरावं लागत नाही.

गाडी बाजारात आली की तिच्यावरचं काम संपलं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं म्हणजे तेव्हा ते सुरू होतं. दर वर्षी तीत काहीतरी बदलतं. एका वर्षी मागच्या सीटला एसीचा झोत, दुसऱ्या वर्षी मोठा स्क्रीन, कधी आरशाचा आकार, कधी नुसता एक रंग. याला आम्ही मॉडेल इयर म्हणतो. तीन-चार वर्षांनी तोंडवळा बदलतात, त्याला फेसलिफ्ट म्हणतात; दिवे बारीक करतात, पुढची जाळी मोठी करतात, आणि जाहिरातीत गाडी डोंगरावर नेऊन उभी करतात. नाव तेच, पण पहिल्या वर्षीची आणि पाचव्या वर्षीची गाडी शेजारी उभ्या केल्या तर चुलत बहिणी वाटतात.

काय बदलायचं हे ठरवण्याआधी लोक गाडीत काय करतात ते कळावं लागतं. ते काम माझं. ठरावीक मालकांकडे वर्षातून एकदा जायचं, त्यांच्या गाडीत बसून त्यांच्या रोजच्या रस्त्याने फिरायचं आणि पाहत राहायचं. लोक सांगतात ते वेगळं असतं. एक गृहस्थ म्हणाले, सनरूफ मी रोज उघडतो. त्यांच्या सनरूफच्या बटणावर कारखान्यातलं प्लास्टिक अजून तसंच चिकटलेलं होतं.

मला फार बोलता येत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, आणि दोन्ही भाषांत मी सारखीच गप्प असते. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, तुमची सगळ्यात मोठी उणीव कोणती? मी इतका वेळ विचार करत राहिले की त्यांना उत्तर मिळालं. नोकरीही मिळाली. मागच्या सीटवर असंच माणूस हवं असतं. दहाएक मिनिटांनी मालक मला विसरतो आणि मग गाडी खरी चालायला लागते.

शीव कोळीवाड्यातल्या एक बाई मासळीचा धंदा करतात. आमच्या पहिल्या मॉडेलच्या डिकीत मऊ गालिचा होता. त्यांनी मला डिकी उघडून दाखवली आणि विचारलं, "याच्यावर काय मी पापलेटांना झोपवू? उशी पण द्यायची होती." पुढच्या वर्षी डिकीत धुता येणारा प्लास्टिकचा ट्रे आला. त्याचं श्रेय बाईंचं. पण आमच्या इंग्रजी अहवालात त्यांचं वाक्य ‘ग्राहकांना ओलसर सामानासाठी सोय अपेक्षित आहे’ एवढंच उरलं. पापलेटही गेलं आणि उशीही.

गिरगावातले एक निवृत्त हेडक्लार्क आहेत. त्यांच्याकडे आमच्या पहिल्या मॉडेलची गाडी होती, मग तिसऱ्याची घेतली. मधल्या काळात आम्ही सीटचं कापड बदललं, शिलाई बदलली, पाठीला आधार वाढवला. मी त्यांना विचारलं, नवं कापड कसं वाटतं? ते म्हणाले, "छानच असणार." दोन्ही गाड्यांच्या सीटवरचं प्लास्टिक त्यांनी कधी काढलंच नव्हतं.

अशा माणसांमुळे माझं काम मजेत चालतं. मात्र ज्या प्रकरणामुळे मी हे लिहायला बसले ते लालबागचं आहे, आणि त्यात माझ्या एका ओळीने बराच घोळ घातला.

लालबागला एक जुनी चाळ पाडून तिच्या जागी उंच इमारत उभी राहिली. चाळीतले लोक वर राहायला गेले. खाली गाड्यांसाठी जागा नव्हती म्हणून बिल्डरने पार्किंगचा मनोरा बांधून दिला. तळमजल्यावर एक खोली असते, तिच्यात लोखंडी तबक. गाडी तबकावर नेऊन उभी करायची, सगळ्यांनी उतरायचं, बाहेर येऊन बटण दाबायचं. मग तबक गाडीसकट वर जातं आणि एखाद्या खणात सरकतं. इमारतीतले लोक त्या तबकाला पाळणा म्हणतात.

या खोलीत छताजवळ एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत प्रकाशाची एक अदृश्य रेघ असते. गाडीचं छत त्या रेघेच्या खाली असेल तर हिरवा दिवा. छत रेघेला लागलं की लाल दिवा आणि भोंगा. मग पाळणा हलत नाही. बिल्डरने जेव्हा मनोऱ्याची उंची ठरवली तेव्हा बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर बुटक्या गाड्या असाव्यात. नंतर अख्ख्या देशाला उंच गाड्यांचं वेड लागलं.

त्या इमारतीत आमच्या पहिल्या मॉडेलच्या बऱ्याच गाड्या होत्या, आणि माझ्या यादीतल्या एक मालकीण तिथेच राहायच्या. सुलभा परब. परळच्या एका हॉस्पिटलात त्यांनी सगळी नोकरी नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्यावरही अख्खी इमारत त्यांना परब सिस्टर म्हणते. मीही म्हणते. नवरा गेल्यावर त्या गाडी शिकल्या. शिकवणाऱ्याने म्हटलं होतं, या वयात कशाला? त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "सुई टोचायला शिकले तेव्हा पण हात थरथरायचा. पेशंट मेले नाहीत." मुलगा कॅनडात. तो दर रविवारी फोनवर सांगतो, आई, गाडी विक, टॅक्सी मागवत जा. दर रविवारी त्या फोन ठेवल्यावर गाडी काढतात आणि उगाच एक फेरी मारून येतात.

पहिल्या भेटीतच मी पाहिलं की त्यांच्या डिकीत तांदळाची दोन पोती आहेत. पुढच्या वर्षी गेले तर तीच दोन पोती तिथेच. मी विचारलं. त्या पटकन म्हणाल्या, "गावचा तांदूळ गो. वर न्यायचा कंटाळा येतो." खालच्या मजल्यावरच्या एकांच्या डिकीत फरशा होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी तावडे यांच्या डिकीत व्यायामाच्या लोखंडी चकत्या होत्या, आणि तावड्यांकडे पाहून ते व्यायाम करत असतील असं वाटत नव्हतं. प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाने काहीतरी सांगितलं आणि डिकी बंद केली. परळला, भोईवाड्यातही अशाच नव्या इमारतींमध्ये मला हेच दिसलं. मी अहवालात सगळं लिहिलं, पोत्यांसकट आणि फरशांसकट. कारण कळत नाही, हेही लिहिलं.

वरच्या साहेबांपर्यंत अहवाल पोचतो तेव्हा त्याची एक ओळ झालेली असते. ती ओळ अशी झाली: मुंबईचे ग्राहक डिकीत कायम जड सामान बाळगतात.

त्याच सुमारास सर्व्हिस सेंटरकडून कळलं की मुंबईतल्या काही गाड्यांच्या मागच्या स्प्रिंग दबल्या आहेत. दोन्ही गोष्टी चाकणला गेल्या आणि तिथे एका चांगल्या इंजिनियरने दोन अधिक दोन चार केले. फेसलिफ्टच्या गाडीला मागे कडक स्प्रिंग बसवल्या. शिवाय जाहिरातवाल्यांच्या हौसेखातर छतावर दोन उभट दांड्या आल्या, ज्यांना कुणी काही बांधत नाही. माहितीपत्रकात छापलं: ‘आता अधिक दणकट’. मी ते वाचून खूश झाले होते. आपलं कुणीतरी ऐकलं असं वाटलं.

त्या फेसलिफ्टमध्ये पहिल्यांदा ऑटोमॅटिक गिअर आले. परब सिस्टरचा डावा गुडघा एव्हाना क्लच दाबायला नको म्हणत होता. त्यांनी जुनी गाडी देऊन नवी घेतली. गाडी घरी यायच्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं. शोरूममधून पूजा करून निघालो. मी नेहमीप्रमाणे मागे. माझ्या शेजारी त्यांच्या दोन शेजारणी, पुढे तावडे, कारण नवीन गाडीत सेक्रेटरीने बसायचं असतं असं त्यांनीच सांगितलं.

गाडी पाळण्यावर गेली. हिरवा दिवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तावडे उतरले, हिरवा. एक शेजारीण उतरली, हिरवा. दुसरी उतरली, दिवा लुकलुकला. सिस्टर उतरल्या आणि मी दार उघडून पाय खाली ठेवला मात्र, भोंगा वाजला.

"परत बस, परत बस!" सगळे ओरडले.

मी बसले, सिस्टरही घाईने परत स्टिअरिंगवर बसल्या. भोंगा थांबला.

मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अरे तांदूळ! तांदूळ कुठाय सिस्टरचा?"

बोलणाऱ्याला कुणीतरी कोपराने ढोसलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गाडीतून बाहेर बघत होते. तावड्यांनी घसा साफ केला. "हे बघा मॅडम, तुम्ही कंपनीच्या की बिल्डरच्या, एकदा काय ते क्लिअर सांगा."

"कंपनीची."

"मशीनच्या कंपनीची?"

"गाडीच्या."

"मग आधी नाही सांगायचं?" तावडे जवळजवळ रागावले. "आम्ही दोन वर्षं तुम्हाला तांदळाच्या गोष्टी सांगतोय!"

मी आधीच सांगितलं होतं. कार्डही दिलं होतं. पण बिल्डरच्या माणसांकडेही कार्डं असतातच.

मग उलगडा झाला. आमची पहिली गाडी रिकामी असताना रेघेला जेमतेम घासायची. माणसं बसली की ती खाली दबायची आणि हिरवा दिवा लागायचा. माणसं उतरली की गाडी हलकी होऊन वर यायची आणि भोंगा. म्हणून कुणाच्यातरी डोक्यातून निघालं की उतरणार नाही असं माणूस गाडीत ठेवावं. तांदूळ उतरत नाही. फरशा उतरत नाहीत. बिल्डरला कळलं तर तो म्हणेल तुमच्या गाड्या बसत नाहीत, जागा सोडा. त्यामुळे सगळ्यांनी तोंडं बंद ठेवली. आम्ही समजलो मुंबईकर ओझी वाहतात. ते बिचारे उंची लपवत होते.

वरून सिस्टरची जुनी पोती आणली. गाडी ढिम्म. तावड्यांच्या चकत्या आणल्या, फरशा आणल्या. डिकीत आता लग्नाचं सामान भरावं तसं झालं, तरी लाल. आम्ही बसल्यावर पुढची बाजूही दबत होती, पण डिकीतलं ओझं सगळं मागच्या स्प्रिंगवर, आणि त्या आता कडक होत्या ना. त्यांना दबायचंच नव्हतं.

सिस्टर फुटपाथच्या कडेला उभ्या राहून स्वतःच्या नव्या गाडीकडे बघत होत्या. हार अजून बॉनेटवर होता.

"एवढी दणकट कशाक केली गो?" त्यांनी मला विचारलं. एरवी त्या माझ्याशी, एखादा ‘गो’ सोडला तर, शुद्ध मराठी बोलतात.

तावडे हळूच म्हणाले, "सिस्टर, पुढच्या रविवारी मीटिंग आहे. गाडी बसत नसेल तर खण पुढच्या नंबरला द्यावा लागतो. रूल माझा नाही. वेटिंगला अकराव्या मजल्यावरचा बसलाच आहे, रोज विचारतो."

"तुझी गाडी तरी कुठे बसते रे मेल्या? चकत्या काढून दाखव."

"माझी हिरव्यात आहे ना, कशानेही असो."

रस्त्यावर लावावी तर लालबागमध्ये रस्त्याला गाडी लावणं म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. गणपतीच्या आधीपासून तर रस्ताच उरत नाही. खण गेला की गाडी गेली. जुनी गाडी आधीच दिलेली. त्या रात्री मुलाचा फोन आला तेव्हा सिस्टरनी त्याला फक्त रंग सांगितला.

सोमवारी आमची मीटिंग होती. पडद्यावर चाकणची मंडळी, इकडे आमचे मेनन सर. मेनन सर भले गृहस्थ आहेत, पण त्यांना प्रत्येक गोष्ट एका ओळीत लागते. अशा मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवते आणि शेवटी ‘थँक यू’ टाइप करते. त्या दिवशी फेसलिफ्टचं कौतुक चाललं होतं. मागची स्प्रिंग, मुंबईचा ग्राहक, जड सामान. मी माइक चालू केला. माझा आवाज ऐकून कुणीतरी विचारलं, हे कोण?

मी सांगितलं. इंग्रजीत सुरुवात केली, पण ‘तांदूळ उतरत नाही’ हे इंग्रजीत सांगता येईना. मराठीत सांगितलं. मेनन सरांनी आधी विचारलं, "म्हणजे लोक मशीनला तांदूळ दाखवून फसवतात?" आणि ते इतके हसले की चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पण ही एका बिल्डिंगची गोष्ट झाली."

मी म्हटलं, "सर, मी जिथे जिथे डिकीत वजन पाहिलं तिथे खाली असंच मशीन होतं. मशीन नसलेल्या घरी डिकीत छत्री असते."

मग चाकणच्या बाजूने एक आवाज आला. "एक मिनिट हं. पोती डिकीत कुठे ठेवतात? अगदी मागे का सीटला टेकून?"

हे कुलकर्णी. स्प्रिंग त्यांनीच कडक केली होती. आडनावाला शोभेल असं नीटनेटकं पुणेरी बोलणं, आणि आवाजात अपमान वगैरे काही नाही, नुसती उत्सुकता.

"अगदी मागे," मी म्हटलं.

"हुशार आहेत," कुलकर्णी म्हणाले. "मी शनिवारी येतो."

शनिवारी ते आले ते चाकणहून सकाळीच निघून. सिस्टरच्या परवानगीने वडाळ्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जॅकवर उचलली, आधीच्या वर्षाच्या मऊ स्प्रिंग घातल्या, छतावरच्या दांड्या काढून तिथे सपाट पट्ट्या बसवल्या. ऑटोमॅटिक गिअरच्या जादा वजनाने ही गाडी जुनीपेक्षा मुळातच थोडी खाली बसणार होती, त्यामुळे कागदावर हिशेब नीट बसत होता. सोसायटीची मीटिंग दुसऱ्या दिवशी होती.

लालबागला पोचलो तर पार्किंगपाशी निम्मी इमारत जमलेली. अकराव्या मजल्यावरचे वेटिंगवाले गृहस्थही हाताची घडी घालून उभे. गाडी पाळण्यावर गेली. सगळे उतरले.

भोंगा.

कुलकर्णींचा चेहरा मी बघितला नाही. मला बघवलं नसतं. सिस्टरनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. वेटिंगवाले म्हणाले, "चला, झालं."

"नाही झालं," कुलकर्णी म्हणाले. ते गाडीच्या चाकाजवळ चक्क उकिडवे बसले होते. "अहो, गाडी आत्ता जॅकवरून उतरवलीये. चाकं लोंबकळत होती. स्प्रिंगच्या सांध्यांतली रबरं आखडलेली असतात, ती जागेवर बसलेली नाहीत. हिला चालवायला हवं. भरपूर माणसं घालून, आणि खड्ड्यांतून."

"खड्ड्यांतून?" तावड्यांनी विचारलं.

"जितके मोठे मिळतील तितके."

तावड्यांचा चेहरा उजळला. मुंबईचा माणूस आयुष्यभर ज्या विषयावर नुसती तक्रार करतो, त्यावर आज त्याला तज्ज्ञ म्हणून विचारलं जात होतं. "बसा," ते म्हणाले आणि पुढच्या सीटवर चढले. मागे कुलकर्णी, मी आणि सिस्टरची एक शेजारीण. चालवायला अर्थात सिस्टर.

निघालो, आणि गंमत अशी की खड्डे सापडेनात. तावडे म्हणाले परळचा रस्ता घ्या, तिथे गेल्या वर्षीपासून विहीर आहे. गेलो तर नवंकोरं काँक्रीट. भोईवाड्याकडे वळलो, तिथेही काँक्रीट, अगदी गुळगुळीत.

"कधी केलं हे?" तावडे खिडकीतून डोकं काढून ओरडले. "विचारायची पद्धत नाही काही?"

"टॅक्स भरतोस ना, मग घे आता," सिस्टर म्हणाल्या.

"तक्रार मीच केली होती," तावडे खिन्नपणे म्हणाले. "तीन वेळा."

दादरच्या बाजूला एका रस्त्यावर खोदकाम होतं पण तिथे पत्रे लावून रस्ताच बंद केला होता. शेजारीण म्हणाली, माझ्या भावाच्या घरासमोर आहे एक, पण तो बोरिवलीला. कुलकर्णी मागे बसून दर दोन मिनिटांनी "अजून नाही" म्हणत होते. शेवटी सिस्टरनीच गाडी वडाळ्याकडे घेतली. रेल्वे यार्डाच्या मागे त्यांच्या बहिणीच्या घराकडे जाणारा एक रस्ता आहे, तो कुणाच्या ताब्यात आहे यावरून वाद असल्यामुळे तिथे कुणीच काही करत नाही. तो रस्ता दिसला आणि गाडीत सगळ्यांनी एकदम "आहा!" म्हटलं. असा आनंद मी कोणत्याही जाहिरातीत पाहिलेला नाही.

सिस्टर त्या रस्त्याने गेल्या, वळल्या, परत गेल्या. प्रत्येक खड्ड्याला तावडे दाद देत होते. "हा घ्या, हा घ्या डावीकडचा! वा!" शेजारणीने डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. माझं डोकं छताला लागलं आणि मी हसायला लागले, ते थांबेचना. कुलकर्णी खिडकीबाहेर झुकून मागच्या चाकावर कान लावल्यासारखे ऐकत होते. मग ते सीटला टेकून म्हणाले, "बसली. आता चला."

परतीच्या वाटेवर मात्र सिस्टर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून अगदी सावकाश चालवत होत्या. जणू मागे स्ट्रेचरवर कुणी होतं.

इमारतीपाशी लोक अजून तसेच उभे होते. गाडी पाळण्यावर. हिरवा. तावडे उतरले, पोटाला आत घेत, जणू त्याने काही फरक पडणार होता. हिरवा. शेजारीण उतरली, कुलकर्णी उतरले. सिस्टर उतरल्या, दार लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उतर गो बाय."

मी उतरले. आम्ही सगळे बाहेर आलो. गाडी किंचित वर आली, मी ते डोळ्यांनी पाहिलं. दिवा हिरवाच राहिला.

कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या वेळी वाजवून काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात होतं. सिस्टरनी बटण दाबलं. पाळणा करकरला आणि गाडी वर निघाली. आधी चाकं दिसली, मग खालचा भाग, मग काहीच नाही. वर कुठेतरी खट्ट झालं. तेव्हा कुठे तावडे ओरडले, "बसली! सिस्टर, बसली!" मग जो गलका झाला त्यात वेटिंगवाले गृहस्थही सामील झाले, आणि लगेच बाजूला घेऊन त्यांनी कुलकर्णींना विचारलं, ही मऊ स्प्रिंगवाली गाडी मला कधी मिळेल?

कुलकर्णींनी जाताना मला सांगितलं, "पुढच्या वेळी अहवाल मेनन साहेबांना पाठवाल तेव्हा एक प्रत मला पाठवा. अख्खी. मराठीत असली तरी चालेल." आमच्या खात्यात यापेक्षा मोठी बढती मला अजून मिळालेली नाही.

पुढच्या मॉडेल वर्षात सगळ्याच गाड्यांना मागे मऊ स्प्रिंग आल्या. छतावरच्या दांड्या ज्यांना हव्या त्यांनी वेगळ्या मागवायच्या. गाडी दोन बोटं बुटकी झाली. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. ‘आता कमी दणकट’ असं छापणार कोण? चाकण आणि लोअर परळमध्ये मिळून आम्ही त्या दोन बोटांसाठी जे काही केलं, त्याच्या मीटिंगांची मोजदादही मी ठेवलेली नाही. मधे मेनन सरांनी एकदा सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘व्हॉट डज द राइस लेडी थिंक?’ कंपनीत आता माझं नाव तेच आहे. मला चालतं.

मग नव्या वर्षाची गाडी बाजारात आली आणि एका मोटारींच्या मासिकात तिचं परीक्षण छापून आलं. दिव्यांबद्दल एक परिच्छेद, स्क्रीनबद्दल दोन, आणि शेवटी निष्कर्ष: यंदाच्या मॉडेलमध्ये उल्लेखनीय असा कोणताही बदल नाही.

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू? त्या आठवड्यात परब सिस्टरची वार्षिक भेट होती. त्या नुकत्याच एकट्या कणकवलीपर्यंत जाऊन आल्या होत्या, मुलाला तिथे पोचल्यावर फोन केला होता. गाडीत बसल्यावर मी त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग पार्किंगच्या दारातून गाडी बाहेर काढत, उजवीकडच्या टेम्पोवाल्याला हाताने थांबवत त्या म्हणाल्या,

"कोण हा लिहिणारा? त्याला म्हणावं, एकदा लालबागला ये आणि गाडी लावून दाखव."